आडवी सायकल

बकारामला अख्खं गाव सायकल्या म्हणायचं आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही. आला असता तरी उपयोग काय? माणसाला पाय चालायला दिलेत हेच तो विसरला होता. शेजारच्या घरी विस्तव मागायला जायचं तरी हा सायकल काढतो, अशी त्याची टिंगल व्हायची, आणि खरं सांगायचं तर ती अगदीच खोटी नव्हती.

गाव चिचटोला. कोहमाऱ्याहून देवरीकडे निघालं की हायवेच्या उजव्या अंगाला मुरमाचा एक रस्ता आत शिरतो. धानाच्या बांध्या संपतात, झाडी लागते, आणि झाडीच्या तोंडाशी हे गाव. मागं डोंगरी. बकारामचं घर कोहळ्याचं. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी माणसं. त्याच्या पणज्यानं बांधलेली बोडी, म्हणजे आमचं लहान तळं, आजही गावच्या धानाला पाणी देते. बाप पाणकर होता, कोणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं हे तो ठरवायचा. ते काम थोरल्या भावाकडे, केशोरावकडे गेलं. बकारामला एका जागी बसवतच नव्हतं. त्यानं एक काळी सायकल घेतली, मागं पत्र्याची पेटी बांधली आणि डोंगरीपलीकडच्या टोल्यांवर, म्हणजे लहान वाड्यांवर, मीठ, माचिस, लसूण, साबण आणि पोरींच्या लाल रिबिनी विकत फिरू लागला.

देवकाबाई त्याला अशीच फेरीत भेटली. "रिबीन पाह्यली अन् माणूस पाह्यलाच नाई, तठीच फसली मी," असं ती पिकल्या केसांनीही चारचौघांत सांगायची. मग बाया हसायच्या आणि बकाराम खाली बसून सायकलची चैन तपासायचा. चैनीला काही झालेलं नसायचं.

पुढं घरोघरी मोटरसायकली आल्या. भोंगा लावलेली पिकअप गाडी टोल्यावर जाऊन कांद्यापासून खुर्चीपर्यंत सगळं विकू लागली. बकारामची पेटी कोठ्यात गेली. थोडी धानाची जमीन होती, खायची ददात नव्हती. पण माणसाला नुसतं खायला थोडंच लागतं? ज्या वाटा त्याला डोळे झाकून येत होत्या, त्या आता कोणाला नको होत्या. गोरेगावला दिलेली लेक आचल, तिचा नवरा योगराज एकदा हसत म्हणाला, "मामा, ते सायकल भंगारात टाका अन् आरामात बसा." जावई माणूस, काय बोलणार? बकाराम त्या दिवशी जेवला नाही, एवढंच.

आणि अशात हिमांशू आला.

हिमांशू गोंदियाचा पोरगा. त्याला आणि त्याच्या मित्रांना रविवार आला की रानातल्या कच्च्या रस्त्यांनी सायकली हाणायचा नाद. मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल, जाड टायर, हलकी इतकी की एका बोटावर उचलावी. ग्रॅव्हल म्हणायचे ते त्याला. डांबर लागलं की यांची तोंडं उतरायची! आम्ही इतकी वर्षं डांबर द्या, डांबर द्या म्हणून कोकलतोय, आणि ही पोरं मुरूम शोधत पेट्रोल जाळून येतात. ज्याची त्याची हौस, बापा.

हिमांशूला डोंगरीतून एक पूर्ण फेरा पाहिजे होता. त्यानं गावात विचारलं आणि पोट्ट्यांनी थट्टेनं सायकल्याचं घर दाखवलं. पण थट्टा थट्टेच्या जागी राहिली. बकारामनं काळी सायकल काढली आणि हिमांशूला दिवसभर फिरवलं. चढावर काळे, धारदार गोटे लागले तसा हिमांशू उतरून म्हणाला, "काका, ये सब ज्वालामुखी का पत्थर है. पूरी पहाडी आग से बनी है."

"इझली का पण?" बकारामनं विचारलं.

"करोडो साल हो गये."

"मंग बेस आहे. चाल."

त्या दिवसापासून बकाराम बदलला. हिमांशूच्या फोनमध्ये त्या वाटांची निळी रेघ होती, आणि ती रेघ आपल्या पायडलनं ओढलेली आहे हे तो येत्याजात्याला सांगू लागला. चैत्रातल्या एका रविवारी मोठी राइड ठरली. नागपूरकडून, रायपूरकडून चाळीसेक पोरं-पोरी येणार, शाळेच्या छपरीत नाश्ता होणार, आणि वाटेवर खुणा करायचं काम बकारामचं. खुणा कशाच्या? लाल रिबिनींच्या. कोठ्यातली पेटी त्यानं पुसून सायकलला परत बांधली. देवकाबाई दारात उभी राहून पाहत होती.

"नवरदेव निघाला," ती म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं. नवऱ्याच्या पाठीचा कणा ताठ झालेला बाईला आधी दिसतो.

"ट्रॅक एकदम साफ पाहिजे, काका," हिमांशूनं बजावलं होतं. "एक लकडी भी चक्के में गई तो आदमी गिरेगा." बकारामनं ते मनाशी घट्ट धरलं. आणि देवकाबाईला त्यानं आपल्याकडून एक काम सांगितलं. "पाहुण्यायनं मोहा पाह्यला नसंल. रविवारी सकाळी टोपलीभर ताजा आणजो. हातात देऊ त्यायच्या." हे हिमांशूनं सांगितलेलं नव्हतं. हे बकारामच्या डोक्यातलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोहाच्या दिवसांत बाया पहाटेच फुलं वेचायला रानात जातात. पुढं गेलेलीनं एखाद्या वाटेवर काही वावगं पाहिलं, आग्या मोहोळ म्हणा, रानडुक्कर म्हणा, वणवा म्हणा, तर ती त्या वाटेच्या तोंडाशी हिरवी डहाळी आडवी टाकते आणि तिच्यावर गोटा ठेवते. याला वाट बांधणं म्हणतात. मागून येणारी बाई ती पाहते आणि मुकाट दुसऱ्या वाटेनं जाते. काय होतं, कशाला बांधली, हे विचारत बसायचं नाही. आणि बांधलेली वाट सोडायची ती जिनं बांधली तिनंच. दुसऱ्यानं त्या डहाळीला हात लावायचा नाही. हे आमच्याकडं लहान पोराला सुद्धा ठाऊक असतं.

आणखी एक. दिवेलागण झाली की वाघाचं नाव कोणी काढत नाही. नाव काढलं की तो येतो म्हणतात. उजाडल्यावर सांगायचं, तेही 'मोठा' म्हणून.

शनिवारी सांजेला शांतीबाई काड्यांची मोळी घेऊन डोंगरीतून परतत होती. शांतीबाई म्हणजे बकारामची भिंतीला भिंत लावून शेजारीण, देवकाबाईची जिवाभावाची, आणि मोहाला निघताना बायांच्या पुढं चालणारी. चढाच्या वाटेवरच्या नाल्यात तिला ओले पंजे दिसले. मोठे, आणि बाजूला लहान. पिल्लंवाली होती. शांतीबाईनं आवाज न करता पाय मागं घेतला, वाट फुटते तिथं येऊन साजाची, म्हणजे ऐनाची, डहाळी आडवी टाकली आणि तिच्यावर काळा गोटा ठेवला. गावात पोचेपर्यंत दिवे लागले होते. म्हणून तिनं कोणाला काही सांगितलं नाही. वाट बांधली होती ना? मग झालं.

रविवारी पहाट फुटताच बकाराम शेवटची नजर टाकायला निघाला. रिबिनी शनिवारी दुपारीच बांधून झाल्या होत्या. खाली पडलेल्या काड्या, काटक्या तो उतरून उतरून बाजूला करत होता. वाट फुटते तिथं आला. डावीकडं बोडीच्या पारावरून, म्हणजे बांधावरून, जाणारी लांबची वाट, उजवीकडं चढाची. चढाच्या वाटेवर त्यानंच बांधलेली रिबीन एका पळसाला लोंबत होती, आणि तिच्याखाली आडवी डहाळी. वर गोटा.

तो थांबला. थांबला हे खरं. त्याच्या वाट्याचं खरं ते त्याला मिळायला पाहिजे. डहाळी आदल्या दिवसाची होती, पानं सुकत आली होती. कशाला बांधली असेल? आणि मग त्याच्या डोक्यात जे आलं, त्याला कोणी काय करणार! त्याला वाटलं, आपल्यासाठीच बांधली. आज सायकली येणार, बाया मधात येऊन धडपडायला नको, म्हणून शांतीनं बायांसाठी वाट बांधून ठेवली. सायकल्याच्या कामाची गावानं कदर केली. त्याच्या छातीत ऊन पडल्यागत झालं. आता बाया तर केव्हाच बोडीकडून पुढं गेल्या असतील, मग ही डहाळी कोणाच्या तरी चाकात जायला नको. त्यानं गोटा उचलून खाली लोटला, डहाळी ओढून झुडपात टाकली, आणि चढ शनिवारीच साफ केला होता म्हणून उरलेली वाट तपासत बोडीकडून वळसा घालून तो गावात उतरला.

शाळेपाशी जत्रा भरली होती. गाड्यांवरून सायकली उतरत होत्या, पोरं टायरात हवा पाहत होती. छपरीत गावातली नंदाबाई एकटीच पोह्याची कढई हलवत घामाघूम झाली होती.

"देवका कोठी आहे?" बकारामनं विचारलं.

"मोहा आणाले गेली नाई का! पहाटपासून कांदे कापत बसली अन् मंग आठवलं तिले. घंटा-दीड घंटा झाला निंघून. सगळ्या बाया येऊन राहिल्या होत्या तवा ते निंघाली."

शांतीबाई तिथंच पाण्याचे ग्लास विसळत होती. बकारामच्या तोंडाकडं पाहून ती म्हणाली, "काऊन गा भाऊ, असा काऊन पाहून राहिला? ते बोडीकडून जाईल. चढाची वाट मी काल बांधली."

"कायले बांधली?"

आता लख्ख उजाडलं होतं. सांगायला हरकत नव्हती. "मोठा आहे तठी," ती म्हणाली. "पिल्लंवाली. नाल्यात."

 बकारामनं सायकल फिरवली. गाव म्हणतं, त्या दिवशी बकाराम जसा सायकल चालवत गेला तसा तो तरणा असतानाही कधी गेला नसेल. मागून शांतीबाई ओरडत होती, "का झालं? भाऊ, का झालं?" हिमांशूला काही कळलं नाही, पण काहीतरी वाईट आहे एवढं समजलं. मित्रांना थांबा म्हणून तो आपल्या सायकलवर मागं निघाला.

वाटेत बकाराम एकच हिशेब करत होता. देवका शहाणी आहे. डहाळी नाही दिसली तरी जीवाला भेतेच. एकटी आहे म्हणून लांबच्या वाटेनं गेली असेल. गुडघे दुखतात म्हणून चढ टाळला असेल. आजच्या दिवस तरी गुडघे दुखू दे रे बापा, असं तो मोठ्यानं बोलला. त्याला देव आठवत नव्हता, फक्त देवकाचे गुडघे आठवत होते.

वाट फुटते तिथं तो पोचला. मुरमाच्या धुळीत चढाच्या वाटेकडं अनवाणी पावलं गेली होती. पळसावरची रिबीन सकाळी त्यानं पाहिली तेव्हा सैल लोंबत होती. आता ती नीट घट्ट बांधलेली होती, बाया पोलक्याला मारतात तशा गाठीनं. नवऱ्याचं काम तिनं जाताजाता नीट केलं होतं. त्यानं बांधलेल्या खुणेच्या वाटेवर भ्यायचं काय कारण होतं तिला?

"देवका!" त्यानं हाक मारली. डोंगरीतून काही आलं नाही.

तेवढ्यात हिमांशू येऊन पोचला, आणि बकारामनं हात वर करेपर्यंत त्याच्या बाजूनं चढावर निघून गेला सुद्धा. गोट्यांवर टायर करकरत गेले. बकाराम सायकल टाकून धावत सुटला. चढ अर्धा झाला असेल नसेल, हिमांशू पायी परत येताना दिसला. सायकल त्याच्याजवळ नव्हती.  त्यानं दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"काका, आगे मत जाओ."

"टोपली..." बकाराम म्हणाला. काय विचारावं ते त्याला सुचेना. "टोपली होती का?"

हिमांशूनं होकाराची मान हलवली. टोपली नाल्याच्या काठाशी सरळ ठेवलेली होती, मोहानं काठोकाठ भरलेली. वेचून परत येत होती ती. पाणी प्यायला खाली वाकली असावी.

पुढचं सांगण्यासारखं नाही. जंगलखात्याची माणसं आली, फटाके वाजवले, मग देवकाला खाली आणलं. पाहुण्यांनी सायकली मुकाट गाड्यांवर चढवल्या. पोहे तसेच राहिले.

आणि आता गावाची गोष्ट. दु:ख झालं की गाव आधी रडतं आणि मग माणूस शोधतं. दुसऱ्याच दिवशी बाया बोलायला लागल्या. "वाट बांधली असती तं देवका कायले गेली असती? देवका काय नवखी होती?" शांतीबाई शपथा घेत होती. लेकराची आण घेतली तिनं. पण तिथं ना डहाळी होती ना गोटा, आणि त्या पहाटे पाहुण्यांच्या घाईत बायांनी गावालगतचाच मोहा वेचला होता, वाट फुटते तिथवर कोणी गेलीच नव्हती. जंगलखात्याचे लोक, गावचे लोक, शंभर पायांनी ती जागा तुडवलेली. नंदाबाई तर तोंडावर म्हणाली, "मोठा दिसला अन् तू तशीच पळून आली. आता नाटक करून राहिली." मोहाला जाताना बाया शांतीबाईला पुढं होऊ देईनात. मागंही येऊ देईनात.

बकाराम ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होता. भिंतीपलीकडं शांतीबाई रडायची तेही त्याला ऐकू यायचं. रोज सकाळी उठून सांगून टाकू म्हणायचा आणि रोज खाली बसून सायकलची चैन तपासायचा. कारण सांगितलं की देवकाला वाघानं मारलं असं राहत नव्हतं. आचल आली होती. ती बापाला घास भरवत होती. तो घास गिळून बोलणार तरी कसा?

दहाव्याला सगळे नाल्यावर गेले. ज्या जागी वाघानं माणूस मारला तिथं आमच्याकडं प्रत्येकजण एकेक हिरवी डहाळी टाकतो आणि जाणारे-येणारे पुढं वर्षानुवर्षं टाकत राहतात. केशोरावनं टाकली, आचलनं टाकली, योगराजनं टाकली. शांतीबाई सगळ्यांत मागं उभी होती. ती साजाची डहाळी घेऊन पुढं आली, तशी नंदाबाईनं तिचा हात धरला.

"तुह्या हातची नको," नंदाबाई म्हणाली. "जितेपणी टाकली असती तं कामी आली असती."

 शांतीबाईच्या शपथा संपल्या होत्या. ती डहाळी खाली ठेवून मागं वळली.

"बांधली होती तिनं," बकाराम म्हणाला.

सगळे त्याच्याकडं पाहायला लागले.

"साजाची डहाळी होती. वर काळा गोटा. मी सोडली. सायकलीसाठी सोडली." तो थांबला, आणि मग उरलेलंही बोलला, कारण तेच खरं वाईट होतं. "मले वाटलं, माह्यासाठीच बांधली."

 आचल बापाकडं पाहत राहिली. तिच्या हातात बापासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो तिनं गोट्यावर ठेवला आणि ती चालू लागली. योगराज तिच्या मागं गेला. दुपारी त्यांची मोटरसायकल गोरेगावला गेली. तिनं त्यानंतर बापाला फोन केलेला नाही. योगराज करतो, सणासुदीला, दोन शब्द.

शांतीबाई मात्र तिथंच उभी राहिली. बकारामला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रोज मी माह्या हाताकडं पाहून राहिली," ती म्हणाली. "मलेच वाटाले लागलं होतं का मी बांधलीच नाई म्हून." तिनं खाली ठेवलेली डहाळी उचलली, देवकाबाईच्या जागेवर नीट टाकली आणि बकारामकडं न पाहता निघून गेली.

हिमांशूनं आपली निळी रेघ पुसली. येऊन सांगून गेला, रडूनही गेला. पण फोनमधली रेघ म्हणजे काही खडूची रेघ नव्हे. कोणाकोणाकडं ती पोचली होती, आणि अजूनही थंडी पडली की एखाद्या रविवारी चार-दोन सायकली हायवेवरून आत येतात. पिल्लंवालीही डोंगरीतच आहे. पिल्लं आता मोठी झालीत. म्हणून बकाराम वाट फुटते तिथं जाऊन बसतो. डहाळी बाहेरच्या माणसाला कळत नाही, ती तो बाजूला करून पुढं जातो. म्हणून हा चढाच्या वाटेवर आपली काळी सायकल आडवी टाकतो आणि पळसाखाली बसतो. सायकल चालवताना त्याला त्यानंतर कोणी पाहिलं नाही. हातानं लोटत आणतो, हातानं लोटत नेतो.

"काका, सायकिल हटाओ," पोरं म्हणतात.

"बांधली वाट आहे."

"किसने बांधी?"

"मी."

"तो खोल दो ना."

तो उठत नाही. पोरं वैतागतात, फोनकडं पाहतात, कोणी शिवी हासडतो, आणि शेवटी बोडीकडून जातात.

मोहाच्या दिवसांत पहाटे बाया येतात. पुढं पुन्हा शांतीबाईच असते. सगळ्याजणी आडवी सायकल पाहतात आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता पाराच्या वाटेला लागतात. शांतीबाई तेवढी थांबते. बाजूची साजाची डहाळी मोडते, सायकलीवर आडवी टाकते, वर एक गोटा ठेवते आणि मग जाते. बकारामनं बांधलेल्या वाटेवर तिचा भरवसा नाही. दिवस वर चढतो, पानं सुकतात, आणि वेचून झालं की बाया भरल्या टोपल्या घेऊन परत येतात. शांतीबाई येऊन स्वतःच्या हातानं गोटा काढते, डहाळी काढते. तोवर बकाराम सायकलीला हात लावत नाही.